तुमची घंटा आमच्या गावात आहे

लिस्बनमध्ये ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या आजींनी माझ्या हातावर दोन किल्ल्या ठेवल्या, एक मोठी, एक छोटी. मोठीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "शाव्ह." मग छोटीकडे, "शाव्ह." मी धापा टाकत होते. चार मजले, लिफ्ट नाही आणि हातात बॅग. त्या धापेतच तोंडून निघालं, "चावी." आजी थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शिकवणी घेतल्यासारख्या पुन्हा म्हणाल्या, "शाव्ह." मीही हट्टाने म्हटलं, "चावी." मग दोघी हसलो.

शाळेत व्याकरणाच्या पुस्तकात पोर्तुगीजांकडून मराठीत आलेल्या शब्दांची यादी होती. बटाटा, पाव, पगार, लिलाव, घमेलं, बिजागरी, कोबी, अननस, काजू, नाताळ, चावी. परीक्षेत त्यातले पाच लिहायचे. मी ते पाठ केले आणि विसरले, कारण घमेलं परकं आहे असं घमेल्याकडे बघून कधी वाटलं नाही. यादीत एक गोष्ट मात्र सांगितलेली नव्हती. पूर्वी पोर्तुगीजही 'च'च म्हणायचे, त्याचा 'श' नंतर झाला. म्हणजे आमच्या कोकणात आणि वसईत त्यांनी सोडलेला उच्चार आम्ही जपून ठेवलाय, आणि त्यांनी स्वतः तो टाकून दिलाय. आजींना हे सांगायला मला भाषा नव्हती. सांगितलं असतं तरी त्यांनी 'शाव्ह'च म्हटलं असतं.

बँकेतून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. लेक फ्रँकफर्टला असते, तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून, पुसून, नावं चिकटवून झाले. मग ती म्हणाली, "आई, तू चार दिवस कुठेतरी फिरून ये ना." याचा अर्थ मला कळतो. तिने प्राग सुचवलं, व्हिएन्ना सुचवलं. मी म्हटलं, लिस्बन. "एकटी? आणि लिस्बनच का?" घंटेमुळे, असं खरं उत्तर दिलं असतं तर तिने मला विमानतळाऐवजी डॉक्टरकडे नेलं असतं. "समुद्र आहे तिथे," असं काहीतरी बोलले. लिस्बनला समुद्र नाही, नदी आहे. तिने नंतर फोनवर मला ते सांगितलंच.

घंटा आमच्या वाईजवळच्या मेणवलीची. वाईहून तीन किलोमीटरवर कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे, घाट आहे, घाटावर देवळं आहेत आणि तिथेच छोट्याशा दगडी कोनाड्यासारख्या जागेत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. १७०७ साली ओतलेली, पंचधातूची, साडेसहाशे किलो वजनाची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधून मराठ्यांनी ज्या घंटा उतरवल्या, त्यातली ही एक. अंगावर मेरीचं उठावाचं चित्र आहे, कडेवर बाळ येशू. माझी आजी तिला मेरी म्हणत नसे. "लेकुरवाळी आहे," म्हणायची, आणि घाटावरून परतताना देवाला करतात तसाच तिलाही हात जोडायची. वसईचा विजय आम्हाला शाळेत शिकवला, पण आजीच्या लेखी ती लूट नव्हतीच. कुणीतरी लेकुरवाळी बाई गावात राहायला आली होती, बस्स.

सहावीत असताना सहलीत मी नदीतला एक गोटा उचलून त्या घंटेवर मारला होता. का, ते विचारू नका. आवाज असा आला की गुरुजी वाड्याच्या दारातून पळत आले, मला दोन धपाटे पडले, आणि ते पडत असतानाही घंटा घुमतच होती. तो आवाज संपला कधी हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हापासून डोक्यात एक किडा होता, की ही ज्यांची घंटा ते लोक कोण? त्यांचं गाव कसं असेल?

तर बॅग ठेवली, पाणी प्यायले आणि निघाले.

आल्फामा, लिस्बनची जुनी वस्ती, म्हणजे टेकडीच्या उतारावर सांडलेली घरं. रस्ते नाहीतच, पायऱ्या आणि बोळ. खिडकीखिडकीतून दोरीवर कपडे. एक बाई वरच्या मजल्यावरून चादर झटकत होती आणि खालचा माणूस तिला काहीतरी ओरडून सांगत होता. भाषा न कळताही मजकूर पूर्ण कळला. आजवर एकटीने इतक्या लांब कधी आले नव्हते. प्रत्येक वळणावर एकच गोष्ट जाणवत होती, की डावीकडे की उजवीकडे हे विचारायला बरोबर कुणी नाही. पहिल्या तासात ते भीतीदायक वाटलं. दुसऱ्या तासात मी मुद्दाम चुकीचं वळायला लागले. प्रसिद्ध २८ नंबरची पिवळी ट्राम तीनदा आली आणि तीनदा लोकलसारखी भरून गेली, तेव्हा तिचा नाद सोडला.

उतरून खाली आलं की एकदम वेगळंच शहर सुरू होतं. बैशा नावाचा हा सपाट भाग पट्टीने आखल्यासारखा आहे. सरळ रस्ते, काटकोनातले चौक, सारख्या उंचीच्या इमारती. आणि रस्त्यांची नावं पेठांसारखी. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, कापडवाल्यांचा रस्ता, खोगीरवाल्यांचा रस्ता. पुण्यात तांबट आळी, कासार आळी ऐकत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही की सोनाराच्या आळीत आता सोनं कमी आणि फ्रीजवर चिकटवायची चुंबकंच जास्त असणार. एका पाटीपाशी मात्र थबकले. 'रुआ दुश सापातैरुश', चांभारांचा रस्ता. चांभार म्हणजे सापातैरु, जोडा म्हणजे सापातु. माझे आजोबा संध्याकाळी वाड्याच्या ओसरीवर यायचे तेव्हा "माझ्या सपाता कुठायत?" असं विचारायचे. हा शब्द त्यांच्याबरोबर गेला. आमच्या घरात नंतर कुणी सपाता घातल्या नाहीत, स्लीपर घातल्या. चाळीस वर्षांनी तो शब्द मला निळ्या-पांढऱ्या फरशीच्या शहरात, एका भिंतीवर, सरकारी अक्षरात लिहिलेला भेटला.

पायाखालची फरशी मात्र बघण्यासारखी. मुठीएवढे पांढरे-काळे दगड, त्यातून लाटा, वेली, जहाजं. एका कोपऱ्यावर दोन माणसं उकिडवी बसून फुटपाथ दुरुस्त करत होती. एकाने डाव्या हातात दगड घेतला, उजव्या हातातल्या हातोडीने त्याचा कोपरा उडवला, फिरवला, पुन्हा उडवला, आणि वाळूत बसवून वरून एक टोला. टिक, टिक, टक्. मोजमाप नाही, बघणंसुद्धा नाही, गप्पा चालूच. पाटा टाकवून घेताना पाथरवटाच्या हाताकडे बघत बसायचे तशी तिथे पंधरा मिनिटं उभी राहिले. नंतर याच सुंदर दगडांवरून दोनदा घसरले. वर्षानुवर्षं लोकांनी चालून चालून ते दगड साबणासारखे केलेत.

रस्त्याच्या शेवटी कमान आहे आणि कमानीपलीकडे नदी. तेजु नदी इथे इतकी रुंद की लेकीला मारलेली समुद्राची थाप अगदीच खोटी नव्हती. काठावर तीन बाजूंनी पिवळ्या इमारतींनी वेढलेला प्रचंड चौक आहे, मधे घोड्यावर बसलेला राजा, पहिला जोझे. पुतळा १७७५ चा. राजाकडे मी फारसं पाहिलं नाही, कारण चौथऱ्याच्या बाजूला एक हत्ती होता. दगडी, धष्टपुष्ट, सोंडवाला. युरोपच्या एका टोकाला राजाच्या पायाशी हत्ती दिसला की आपण कुठल्या राजधानीत उभे आहोत हे वेगळं कळायची गरज राहत नाही.

या शहराने खरे हत्तीही पाहिले होते, आणि गेंडाही. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोव्याहून राजा मानुएलकडे धाडला. चार महिने जहाजात काढून तो मे महिन्यात लिस्बनला उतरला. राजाने हौसेने त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती पळून गेला. पुढे राजाने गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून बिचारा गेला. पण मला आवडली ती वेगळीच गोष्ट. पोर्तुगीज त्याला 'गांडा' म्हणायचे, आपल्याच गेंड्यावरून. म्हणजे शब्दांची जहाजं रिकामी परत जात नव्हती.

दुपारी भूक लागली आणि तिथे माझा शब्दांचा माज उतरला. एका छोट्या बेकरीत काचेमागे गोल पावाची सँडविचेस होती. 'केजु' म्हणजे चीज, हे मी शोधून ठेवलं होतं, पण ती संपली होती. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'पेरु'. अहाहा! पेरू! जॅम असणार, पेरूची जेली असणार. शुद्ध शाकाहारी आनंदाने बोट दाखवलं, पैसे दिले, कोपऱ्यात बसून घास घेतला. आत पांढऱ्या, थंड, पातळ चकत्या. पेरूला असा धागा नसतो. तोंडातला घास रुमालात काढून काउंटरवर गेले आणि विचारलं, "पेरू?" पोरगा म्हणाला, "पेरु, पेरु." मी चेहरा केला असणार, कारण त्याने दोन्ही कोपर पंखांसारखे हलवले, मान पुढे काढली आणि भर दुकानात "ग्लुग्लुग्लु" असा आवाज काढला. टर्की! पोर्तुगीजमध्ये पेरु म्हणजे टर्की. पक्षी पेरू देशातून आला असं त्यांना वाटलं, इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानातून, आणि फ्रेंचांनी तर त्याचं नावच 'हिंदुस्थानातली' असं ठेवलंय. तो आला होता अमेरिकेतून. आपल्याकडे मात्र पेरू म्हणजे फळ. सगळ्यांचाच भूगोल कच्चा. पोराने माझं ताट उचलून नेलं आणि दालचिनी भुरभुरलेला अंड्याच्या कस्टर्डचा टार्ट ठेवला, पैसे घेतले नाहीत. अंड्याकडे मी त्या दिवशी कानाडोळा केला.

रोसियु चौकाजवळ साउँ दुमिंगुश नावाचं चर्च आहे. बाहेरून काही विशेष नाही. आत पाऊल टाकलं आणि हात आपोआप भिंतीकडे गेला. आतले खांब जळलेले आहेत. १९५९ च्या आगीत हे चर्च आतून भाजून निघालं, आणि पुढे छप्पर नवं घातलं तरी खांब तसेच ठेवले. दगडाचे पापुद्रे सुटलेत, कडा वितळल्यासारख्या गोल झाल्यात, मूर्तींना चेहरे नाहीत. चुलीत राहिलेल्या कणसासारखा एक खांब होता. एक म्हातारी त्या खांबाला टेकून जपमाळ ओढत होती, जणू खांब असेच असतात.

याच चर्चमध्ये १५०६ मध्ये ज्यूंच्या कत्तलीला तोंड फुटलं. बाहेर चौकात त्याचं स्मारक आहे. आणि रोसियुच्या टोकाला जिथे आज पांढऱ्या खांबांचं नाटकगृह आहे, तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या संशयावरून लोकांना शिक्षा करणाऱ्या न्यायालयाचा वाडा होता. हे वाचून माझं पेरूचं हसू विरलं. हेच इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यात पोचलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. त्या यादीतला आणखी एक शब्द आठवला, 'तुरुंग'. तोही पोर्तुगीज, 'त्रोंको'वरून आलेला. बटाटा-पाव आपण सहज सांगतो, कौतुकाने. तुरुंग मागे राहतो. मी नाटकगृहाच्या पायरीवर बसले. समोर आफ्रिकेतून आलेल्या बायका रंगीत कपड्यांत बसून शेंगदाणे विकत होत्या. त्यांचंही आणि माझंही या चौकाशी काहीतरी देणंघेणं होतं, आणि आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्याच हसलो.

तिथून चढ चढून कार्मुला गेले. लिस्बनला येऊन एकच जागा बघायची असेल तर मी ही सांगेन, किल्ल्याच्या आणि त्या लोखंडी लिफ्टच्या रांगा सोडून द्या. १३८९ मध्ये सुरू झालेला मठ. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाला, सकाळी साडेनऊ-पावणेदहाला भूकंप झाला तेव्हा चर्चं भरलेली होती, मेणबत्त्या लागलेल्या होत्या. छपरं पडली. वाचलेले लोक मोकळ्या जागेत म्हणून नदीकाठी धावले, तर थोड्या वेळाने नदीतून लाट आली. आणि पडलेल्या मेणबत्त्यांनी, चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस जळत राहिली. कार्मुचं छप्पर पुन्हा कधीच घातलं नाही. टोकदार कमानी तेवढ्या उभ्या आहेत, एकामागे एक, माशाच्या काट्यासारख्या, आणि मधे निळं आभाळ. ऑक्टोबरचं ऊन कमानींतून खाली उतरलं होतं. एक कबुतर एका कमानीवरून उडून दुसरीवर बसलं.

तिथे उभी असताना माझ्या डोक्यात हिशेब झाला. बँकेतली सवय, आकडे आपोआप जुळतात. खालचं ते पट्टीने आखलेलं शहर, सोन्याचा रस्ता, सपातांचा रस्ता, हत्तीचा पुतळा, सगळं १७५५ नंतरचं. पोंबाल नावाच्या मंत्र्याने ते राखेतून पुन्हा उभं केलं. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घातला, भूकंपात इमारत हलेल पण पडणार नाही म्हणून. नानांच्या वाड्याचे सागवानी खांब-तुळया मला आठवल्या. आणि आमची घंटा? १७०७ ची. खालच्या ज्या 'जुन्या' शहरात मी फिरून आले त्याच्यापेक्षा मेणवलीची घंटा अठ्ठेचाळीस वर्षांनी मोठी. ज्या दिवशी इथे चर्चांच्या घंटा मनोऱ्यांसकट कोसळल्या, त्या दिवशी ती समुद्रापार मराठी मुलखात सुखरूप होती. तिला वसईतून उतरवून सोळा वर्षं झाली होती.

मठाबाहेरच्या छोट्या चौकात जांभळ्या-हिरव्या झाडांखाली लोक कॉफी पीत होते. याच चौकात २५ एप्रिल १९७४ ला जुनी हुकूमशाही शरण आली. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने ते कागदावर मान्य केलं ते या क्रांतीनंतर, १९७४ संपता संपता. मी कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडून भाजलेल्या चेस्टनटचा कागदी पुडा घेतला. तो डझनावर विकतो. गरम साल सोलली, मीठ लागलेला गर तोंडात टाकला आणि थेट फणसाच्या भाजलेल्या आठळीची चव. आता कुणी म्हणेल, या बाईला सगळीकडे घरच दिसतं. दिसतं, काय करू.

संध्याकाळी चार मजले चढून आले तर आजींच्या स्वयंपाकघरातून वाफेचा वास येत होता. त्यांनी खुणेने बसवलं. पातेल्यात हिरवं सूप होतं. मी विचारायच्या आत त्यांनी एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली, सकाळचा खेळ त्यांच्या लक्षात होता. "बताता." बटाटा, मी म्हटलं. त्यांनी बारीक चिरलेली गडद हिरवी पानं उचलली. "कोव्ह." कोबी! पानं कोबीची नव्हती, पण कुळ तेच. टोपलीतल्या भाकरीएवढ्या ब्रेडवर थापटी मारून, नाकातून, "पाँउ." पाव. आजींना इतकं हसू आलं की त्यांनी एप्रनला डोळे पुसले. मग सॉसेजची चकती माझ्या वाटीत टाकायला चमचा उचलला. मी दोन्ही हात हलवले, आणि दुपारच्या पोराचं स्मरण करून कोपर पंखांसारखे उडवून "नाउँ, नाउँ" म्हटलं. चकती डुकराची असणार, पंख कशाला हलवले मलाही कळलं नाही. पण चकती परत गेली.

सूप पिऊन झाल्यावर मी फोन काढला. मेणवलीचा घाट, कृष्णा, आणि मग घंटेचा जवळून काढलेला फोटो. आजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकापाशी नेला. "नोसा सेन्योरा," त्या पुटपुटल्या आणि अंगठ्याने मेरीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. त्या स्पर्शाने फोटो सरकला आणि माझ्या भाच्याच्या मुंजीचा फोटो आला. तो परत आणून दिला. मी पेपराच्या कोपऱ्यावर '१७०७' लिहिलं, अर्थात त्यांच्या अंकांत. त्यांनी आकडा वाचला, घंटा बघितली, पुन्हा आकडा वाचला.

"गोआ?"

"गोवा नाही. वाई."

"उआइ?"

आता पुढचं कसं सांगायचं? दिवसभर मी मनात वाक्यं जुळवत होते. वसई, म्हणजे तुमचं बासाईं, चिमाजी आप्पा, वेढा, सुरुंग, १७३९. बासाईं म्हटल्यावर आजींच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. आमच्याकडे ज्याचे पोवाडे झाले, ती लढाई हरलेल्यांच्या घरी आठवणीतसुद्धा नव्हती. मी युद्ध अभिनयाने करून दाखवायचा विचार केला आणि सोडून दिला. नुसतं घंटेकडे बोट दाखवलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे.

आजी बराच वेळ गप्प होत्या. ही आमच्याकडची, तुमच्याकडे कशी, असं विचारतील असं मला वाटलं. मी ओशाळायची तयारीही केली होती. त्यांनी हवेत एक दोरी पकडली, दोनदा खाली ओढली आणि भुवया उंचावल्या.

"तोका?"

वाजते का?

मी मान हलवली. कसा आवाज, तेही हाताने विचारलं त्यांनी. मी चमचा ठेवला, श्वास घेतला आणि तोंडाने तो आवाज काढला, सहावीतला, गोटा मारल्यानंतरचा, ओठ मिटून तो जितका लांबवता येईल तितका लांबवत. उघड्या खिडकीतून तो बाहेर गेला असणार, कारण समोरच्या घरात कुणीतरी दोरीवरचे कपडे काढता काढता थांबलं. आजींनी बोट ओठांवर ठेवलं. मला वाटलं मला गप्प करतायत. पण त्या ऐकत होत्या.